हनुवटीवरचे फोड आणि नाकातला मुक्काम

पहिला फोड नेमका कधी आला हे मला सांगता येत नाही, कारण त्या वेळी मी त्याची दखलच घेतली नव्हती. हनुवटीच्या डाव्या बाजूला, दाढीच्या एका केसाच्या मुळाशी मसुराच्या दाण्याएवढी लाल पुळी उठली, दोन दिवस ठणकली, टोकाला पिवळट पू धरला, फुटली आणि खपली धरून गेली. आठवड्याभराने तिच्या शेजारी दुसरी आली. पुढच्या महिन्यात एक वरच्या ओठावर आली आणि त्यानंतरची उजव्या नाकपुडीच्या आतल्या कडेला. अशी जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि या सबंध काळात मी प्रत्येक फोडाला वेगळा पाहुणा समजून त्याच्या येण्याचे वेगळे कारण शोधत राहिलो. एक बोथट ब्लेडमुळे आला, दुसरा घामामुळे, तिसरा जागरणामुळे. कारण सापडले की मन शांत व्हायचे आणि फोड बसला की विषय मिटायचा.

आजी अशा फोडाला केसतूड म्हणत असे. नाकातला केस उपटलास की केसतूड होते, हे तिचे वाक्य लहानपणी मी धाक घालण्याचा प्रकार समजून सोडून दिले होते. केस उपटला की त्याच्या मुळाशी उघडी जखम राहते आणि नाकात आधीपासून असलेले जिवाणू तिच्यात शिरतात, हे पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावले तेव्हा त्या जुन्या शब्दातच अर्धे निदान दडलेले आहे हे लक्षात आले.

त्या दोन वर्षांत मी केलेले उपचार आठवले की आज संकोच वाटतो. घरातल्या औषधांच्या डब्यात कोणासाठी तरी कधीतरी आणलेली एक ट्यूब होती. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक अशी तिन्ही द्रव्ये एकत्र होती. ती लावली की दुसऱ्याच दिवशी लाली उतरायची, आणि ती उतरलेली पाहून माझा त्या ट्यूबवरचा विश्वास वाढायचा. प्रत्यक्षात स्टेरॉइड फक्त सूज दाबत होते. सूज ही शरीराची लढाईच असल्यामुळे लढणारे हात बांधले जात होते आणि जिवाणूंना रान मोकळे मिळत होते. तीन-चार महिन्यांनी हनुवटीची कातडी पातळ व तुकतुकीत दिसू लागली आणि ट्यूब थांबवली की संपूर्ण भाग पेटल्यासारखा लाल होऊ लागला. याशिवाय दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून मला पोटात घेण्याची प्रतिजैविके मिळाली, आणि दोन्ही वेळा बरे वाटताच तिसऱ्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. एका ठिकाणी हे सर्व तारुण्यपीटिकांचे प्रकरण ठरवून क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल लिहून दिले गेले. ते मी आठवण येईल तसे, कधी सलग चार दिवस तर कधी महिन्यातून एकदा, असे वर्षभर लावले. तारुण्यपीटिका असतील तर काळ्या-पांढऱ्या टोकांचे बारीक दाणेही सोबत दिसायला हवेत आणि ते माझ्या चेहऱ्यावर एकही नाही, ही साधी गोष्ट पुढे त्याच बाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितली. तोवर ती कोणीच, मीही, विचारात घेतली नव्हती.

निष्काळजीपणाचा शेवट वरच्या ओठावरच्या फोडाने केला. नाकाच्या अगदी खाली आलेला तो फोड दुसऱ्या दिवशी पिकल्यासारखा दिसला, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून मी तो दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून दाबला. पू थोडाच आला, मागोमाग रक्त आले आणि खाली असलेला कडक गोळा जागचा हलला नाही. पहाटे जाग आली ती ठणक्याने. ओठ दुप्पट झाला होता, गाल तापला होता, सूज खालच्या पापणीपर्यंत चढली होती आणि अंगात ताप होता. तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी चेहरा पाहताच पहिला प्रश्न विचारला, “दाबलात का?” मी मान हलवली. त्यानंतर त्यांनी मला डोळे सर्व दिशांना फिरवायला लावले, एकाची दोन माणसे दिसतात का ते विचारले, डोके किती दुखते ते विचारले, आणि मगच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा जो त्रिकोण आहे, तिथल्या शिरा डोळ्यांच्या खोबणीतील शिरांमार्गे कवटीच्या तळाशी असलेल्या रक्ताशयाशी जोडलेल्या असतात, आणि इथला संसर्ग क्वचित का होईना पण त्या वाटेने आत जाऊ शकतो. दोन दिवस शिरेतून औषध घेऊन मी घरी आलो. त्यानंतर मी चेहऱ्यावरचा एकही फोड दाबलेला नाही, आणि हे मी कोणत्याही निग्रहाने नव्हे, तर शुद्ध भीतीने पाळतो.

खरे उपचार त्यानंतर, त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे सुरू झाले. पहिल्या भेटीत त्यांनी औषध कमी दिले आणि प्रश्न अधिक विचारले. दाढी रोज करता का, कोणत्या दिशेने करता, घरात आणखी कोणाला फोड येतात का, मधुमेह आहे का, नाक कोरण्याची किंवा नाकातले केस उपटण्याची सवय आहे का. घरातल्या प्रश्नावर मला मुलीच्या गुडघ्यावर दोनदा झालेली, मधासारख्या पिवळ्या खपलीची जखम आठवली. सवयीच्या प्रश्नावर मी नाही म्हणालो. ते उत्तर खोटे होते, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हते.

त्यांनी ती जुनी ट्यूब कायमची बंद करायला सांगितली आणि पुढचा फोड पिकला की कोणतेही औषध न घेता थेट येण्यास बजावले, कारण प्रतिजैविक चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढतीलच याची खात्री नसते. बारा दिवसांनी फोड आला. त्यांनी वरचा भाग स्पिरिटने पुसून निर्जंतुक सुईच्या टोकाने तोंड उघडले आणि आतला पू कापसाच्या लांब काडीवर टिपला. त्यानंतर दुसरी काडी मिठाच्या निर्जंतुक पाण्यात ओली करून दोन्ही नाकपुड्यांत, जेमतेम पाऊण इंच आत, गोल फिरवली. नाकात चुरचुरून डोळ्यांत पाणी आले. फोड हनुवटीवर असताना नाकाची चौकशी कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या की अहवाल येऊ द्या.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. दोन्ही नमुन्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एकच जिवाणू वाढला होता, आणि कोणते औषध त्याच्यावर चालते याचे दोन्ही तक्ते ओळीला ओळ जुळत होते. पेनिसिलिनपुढे रेझिस्टंट, म्हणजे ते औषध चालत नाही, एरिथ्रोमायसिनपुढे रेझिस्टंट, क्लिंडामायसिनपुढेही रेझिस्टंट. म्हणजे जे जेल मी वर्षभर मनाला येईल तसे लावत होतो, ते कधीचेच निकामी झाले होते, आणि त्याला निकामी करण्यात माझ्या तशा वापराचा हात असण्याची शक्यता बाईंनी सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे बोलून दाखवली. सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकासमोर मात्र सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालते, असे लिहिले होते. त्या ओळीवर त्यांनी पेनाने खूण केली, कारण प्रयोगशाळेत मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाला न जुमानणारा, उपचाराला अधिक अवघड जिवाणू ओळखण्यासाठी हेच औषध कसोटी म्हणून वापरतात आणि माझा जिवाणू त्या गटातला नव्हता. डॉक्सिसायक्लिन आणि म्युपिरोसिन ही दोन्ही चालणार होती.

ते दोन कागद शेजारी ठेवून पाहताना माझी दोन वर्षांची समजूत मोडली. फोड वीस-पंचवीस आले असतील, पण आजार एकच होता. त्याचा मुक्काम नाकात होता आणि हनुवटी, ओठ, गाल या त्याच्या ये-जा करण्याच्या जागा होत्या. मी दर वेळी आलेल्याला हाकलत होतो आणि घर तसेच ठेवत होतो.

या जिवाणूविषयी मग मी बरेच वाचले. गळवांतील पुवात सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे गोल जिवाणू स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास पाहिले. घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनीच पुढे त्याला स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले, आणि १८८४ मध्ये जर्मनीतील रोझेनबाख यांनी त्याच्या वसाहतींच्या सोनेरी रंगावरून त्याला ऑरियस हे विशेषण जोडले. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहतो, ही माहिती मला सर्वांत विचित्र वाटली. माझ्या बाबतीत त्याला रोज नवी दारे उघडून मिळत होती आणि ती उघडणारा मीच होतो. साखरेची तपासणीही झाली. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारे एचबीए१सी ५.४ टक्के आले, तेव्हा मधुमेहाची शंका मिटली.

उपचाराचे दोन भाग होते. चालू फोडांसाठी डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस. ती भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. शिवाय त्या काळात उन्हापासून चेहरा जपायचा. हा भाग सोपा होता. दुसरा भाग म्हणजे मुक्काम हलवणे. तो पाच दिवसांचा होता आणि त्यात आम्हा तिघांनाही सामील व्हावे लागले, कारण एकट्याने नाक साफ करून घरातल्याच कोणाकडून तो परत घेण्यात अर्थ नव्हता.

म्युपिरोसिनचे नाकासाठीचे मलम काडेपेटीतील काडीच्या गुलाएवढे, कापसाच्या काडीवर घेऊन, सकाळ-संध्याकाळ प्रत्येक नाकपुडीच्या आतल्या बाजूला लावायचे आणि मग नाक बाहेरून चिमटीत धरून मिनिटभर हलके चोळायचे, म्हणजे ते सगळीकडे पसरते. त्याची चव घशात उतरते आणि मुलीने पहिल्याच दिवशी त्यावर बंड पुकारले. त्याच पाच दिवसांत रोज अंघोळीला साबणाऐवजी ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचे द्रावण वापरायचे होते, विशेषतः काखा आणि जांघा यांना लावून दोन-तीन मिनिटे ठेवायचे होते. डोळ्यांत किंवा कानांत गेल्यास ते इजा करू शकते, म्हणून चेहऱ्याला ते न लावता तिथे बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश मिनिटभर ठेवून धुण्याची सूचना होती. या द्रव्याची प्रतिजैविकांसारखी सवय जिवाणूंना लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. कापडाचा रंग उडवते हा दोष मला निळ्या टॉवेलवर पांढरे चट्टे उमटल्यावर समजला.

खरी दमछाक कपड्यांनी केली. उशांचे अभ्रे, चादरी, पंचे, रुमाल, चेहऱ्याला लागणारे सर्व काही ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, तोंड पुसायचा त्याहून वेगळा, आणि तो रोज बदलायचा. उशीचा अभ्राही पाचही दिवस रोज. तिसऱ्या दिवशी दोरीवर तीन माणसांचे अठरा कापडी तुकडे मोजून पत्नी म्हणाली, “अहो, तुमच्या एका हनुवटीसाठी घराचं धोबीघाट झालंय.” कंगवे, दाढीचा ब्रश आणि चष्म्याची काडी हेही पुसून काढले. दाढीचा जुना ब्रश नंतर टाकूनच दिला. त्याच्या मुळाशी साबणाचा जो घट्ट थर बसला होता, तो नखाने खरवडून पाहिल्यावर तो ब्रश पुन्हा तोंडाला लावण्याची इच्छाच राहिली नाही.

पाच दिवस संपल्यावर मलम आणखी आठवडाभर लावू का, असे मी उत्साहाने विचारले. बाईंनी ठाम नकार दिला. हे मलम लांबवले तर जिवाणू त्यालाही सरावतो आणि मग नाक साफ करण्याचे हातातले सर्वांत चांगले साधन जाते.

दाढीची पद्धत मुळापासून बदलावी लागली. सहा आठवडे ब्लेड पूर्ण बंद, आणि ट्रिमरने त्वचेपासून एक मिलिमीटर अंतर ठेवूनच केस कापायचे. त्यानंतर ब्लेड सुरू करताना आधी कोमट पाण्याने केस मऊ करायचे, केसांच्या दिशेनेच ब्लेड फिरवायचे, त्वचा ताणायची नाही, एका जागेवर दोनदा जायचे नाही आणि दोन-तीन वापरांनंतर पाते बदलायचे. उलट दिशेने फिरवलेल्या ब्लेडने मिळणारा गुळगुळीतपणा मला आवडत असे. तोच गुळगुळीतपणा केसाचे टोक त्वचेखाली नेतो आणि ते वाढताना आतच वळते. मानेवर तर केस तीन दिशांना उगवतात हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रथमच कळले, तेही दोन दिवसांच्या खुंटावरून बोट फिरवून नकाशा काढल्यावर.

पण सर्वांत अवघड गोष्ट औषधाची नव्हती. एका रविवारी मी संगणकावर काम करत बसलो असताना शेजारी चित्र काढत बसलेली मुलगी अचानक म्हणाली, “बाबा, तू बावीस वेळा नाकाला हात लावलास.” ती कंटाळून मोजत होती. मी हसण्यावारी नेले, पण पुढच्या तासाभरात स्वतःवर पाळत ठेवली आणि थक्क झालो. विचार करताना माझा अंगठा नाकपुडीच्या कडेवर जातो, तिथली कोरडी खपली चाचपतो आणि तिथून तर्जनी हनुवटीवर उतरून खुंटांमधला एखादा वेगळा लागणारा केस शोधते. नाक, हनुवटी, पुन्हा नाक. जिवाणूचा प्रवास कोणत्या वाहनाने होत होता हे यापेक्षा स्पष्टपणे कोणत्याही अहवालाने सांगितले नसते. बाईंच्या प्रश्नाला दिलेले माझे ‘नाही’ त्याच वेळी आठवले.

सवय मोडण्यासाठी मी बरेच उपाय केले. नखे बारीक ठेवली, बसण्याच्या जागी एक गुळगुळीत खडा ठेवला आणि विचार करताना तो बोटांत फिरवू लागलो, आणि नाक कोरडे पडून हात तिकडे जाऊ नये म्हणून रात्री आतल्या कडेला पेट्रोलियम जेलीचा हलका हात देऊ लागलो. मुलीला पहारेकरी नेमले. पहिल्या आठवड्यात तिने मला अपमानास्पद वाटेल इतक्या वेळा पकडले. महिन्याभराने तिचा उत्साह ओसरला, पण तोवर हात अर्ध्या वाटेवर थांबायला शिकला होता. सर्दीच्या दिवसांत आजही तो सारे विसरतो.

मध्येच एक फसगतही झाली. डॉक्सिसायक्लिन संपल्यावर तीन आठवड्यांनी कपाळावर एकसारख्या आकाराच्या, बारीक, खाज सुटणाऱ्या पुटकुळ्या उठल्या. झाले, पुन्हा आला, असे धरून मी उरलेल्या दोन गोळ्या शोधायला निघालो होतो. सुदैवाने आधी फोन केला. तपासणीत पुटकुळीतला अंश खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा ती मालासेझिया नावाची बुरशी निघाली. प्रतिजैविकाने जिवाणू कमी झाले की तिला मोकळी जागा मिळते, आणि अशा वेळी आणखी प्रतिजैविक घेणे म्हणजे तिला आमंत्रणच. केटोकोनाझोलचा शाम्पू कपाळाला लावून पाच मिनिटांनी धुण्याने काही आठवड्यांत ते प्रकरण मिटले. माझे फोड ठणकतात, खाजत नाहीत, हा फरक तेव्हापासून मी पक्का लक्षात ठेवला आहे.

नाकातून हुसकावलेला जिवाणू परत येऊ शकतो, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. पाचव्या महिन्यात सर्दीनंतर नाकपुडीच्या कडेला एक आणि हनुवटीवर एक असे दोन फोड आले. पुन्हा नमुना, पुन्हा तोच जिवाणू, म्युपिरोसिन अजूनही चालते याची खात्री करून पुन्हा पाच दिवस, पुन्हा अठरा कपडे. या वेळी मात्र पोटातल्या गोळ्या लागल्या नाहीत. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दिवसातून चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेक दिला, फोड आपोआप फुटल्यावर वर कोरडी पट्टी लावली, दर वेळी हात धुतले आणि ते कापड थेट धुण्यात टाकले. सहाव्या दिवशी नुसता लालसर ठिपका उरला.

बाईंच्या सांगण्यावरून मी एक वही ठेवली आहे. तारीख, जागा, ठणका की खाज, आधीच्या तीन दिवसांत दाढी केली होती का, सर्दी होती का, काय लावले. पहिल्या पानावर दोन महिन्यांत नऊ नोंदी आहेत. शेवटच्या पानावर गेल्या अकरा महिन्यांच्या मिळून दोन, आणि त्यांतली एक मुलीने तिच्या अक्षरात लिहिली आहे, “बाबाच्या गालावर डास चावला, फोड नाही.”